वेक-ऑन-लॅन

वेक-ऑन-लॅन हे निद्रावस्थेत असलेला किंवा बंद केलेला संगणक स्थानिक नेटवर्कवरून विशिष्ट संदेश पाठवून सुरू करण्याचे तंत्र आहे. या संदेशास 'मॅजिक पॅकेट' असे म्हणतात. मोठ्या कार्यालयांतील संगणक रात्रीच्या वेळी दूरस्थपणे सुरू करून त्यांवर देखभालीची कामे करता यावीत, या हेतूने १९९० च्या दशकात हे तंत्र विकसित झाले. पुढे घरगुती वापरातही त्याचा प्रसार झाला. घरातील छायाचित्रे, चित्रफिती आणि बॅकअप एकत्र साठवणारा नेटवर्क संचयन सर्व्हर, म्हणजेच नॅस, दिवसाचे चोवीस तास चालू न ठेवता गरजेपुरताच जागा ठेवणे हा त्याचा आज आढळणारा एक प्रमुख उपयोग आहे.

वेक-ऑन-लॅनमुळे संगणक केवळ जागा करता येतो. त्याला पुन्हा निद्रावस्थेत नेण्याची कोणतीही तरतूद या तंत्रात नाही. त्यामुळे सर्व्हरच्या स्वयंचलित झोप-जागेच्या व्यवस्थेत दोन स्वतंत्र भाग असतात. नेटवर्कवरून येणारा जागृतीचा संदेश हा पहिला भाग, आणि सर्व्हर वापरात नाही हे ओळखून त्याला झोपी घालणारी आज्ञावली हा दुसरा.

## इतिहास

मॅजिक पॅकेटची रचना एएमडी आणि ह्यूलेट-पॅकार्ड या कंपन्यांच्या सहकार्यातून १९९५ मध्ये तयार झाली. ऑक्टोबर १९९६ मध्ये इंटेल आणि आयबीएम यांनी 'अ‍ॅडव्हान्स्ड मॅनेजेबिलिटी अलायन्स' ही आघाडी स्थापन केली आणि एप्रिल १९९७ मध्ये या आघाडीने वेक-ऑन-लॅन तंत्राची घोषणा केली. याच सुमारास, डिसेंबर १९९६ मध्ये, इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी एसीपीआय हे ऊर्जा-व्यवस्थापनाचे मानक प्रसिद्ध केले. संगणकाच्या निद्रावस्थांची सर्वमान्य व्याख्या या मानकामुळे उपलब्ध झाली.

सुरुवातीच्या नेटवर्क कार्डांना जागृतीसाठी मदरबोर्डशी तीन तारांच्या स्वतंत्र केबलने जोडावे लागे. या केबलमधून कार्डाला राखीव वीज मिळे आणि कार्डाकडून मदरबोर्डला जागृतीचा संकेत जाई. पीसीआय मानकाच्या २.२ या आवृत्तीत ३.३ व्होल्टची साहाय्यक वीज आणि जागृतीच्या संकेताची तार खाचेतच उपलब्ध झाल्याने ही केबल अनावश्यक ठरली. सध्याच्या बहुतेक मदरबोर्डांवर नेटवर्क चिप बसवलेलीच असते.

## ऊर्जा-अवस्था

एसीपीआय मानकात संगणकाच्या अवस्था एस-० ते एस-५ अशा क्रमांकांनी ओळखल्या जातात. वेक-ऑन-लॅनच्या दृष्टीने त्यांपैकी पुढील चार महत्त्वाच्या आहेत.

- एस-०: संगणक पूर्णपणे कार्यरत असतो.
- एस-३: प्रोसेसर आणि हार्ड डिस्कची वीज बंद होते, रॅमला मात्र वीज मिळत राहते. चालू कामाची स्थिती रॅममध्ये टिकून असल्याने संगणक काही सेकंदांत जागा होतो. यास सामान्यतः निद्रावस्था म्हणतात.
- एस-४: रॅममधील मजकूर डिस्कवर लिहून ठेवला जातो व रॅमची वीजही बंद होते. यास सुप्तावस्था म्हणतात.
- एस-५: संगणक बंद असतो. जागा झाल्यावर ऑपरेटिंग सिस्टीम नव्याने सुरू व्हावी लागते.

या सर्व अवस्थांत, एस-५ मध्येसुद्धा, वीजपुरवठा संच मदरबोर्डला ५ व्होल्टची राखीव वीज पुरवत असतो. बंद संगणकाच्या नेटवर्क खाचेशेजारचा दिवा अनेकदा लुकलुकताना दिसतो, त्याचे कारण हेच होय. या विजेवर नेटवर्क चिप जागी राहते आणि येणाऱ्या संदेशांवर लक्ष ठेवते. वीज वाचवण्यासाठी अनेक चिपा या काळात जोडणीचा वेग १ गिगाबिटवरून १०० किंवा १० मेगाबिटपर्यंत उतरवतात. मॅजिक पॅकेट ओळखण्यासाठी तेवढा वेग पुरेसा असतो.

## मॅजिक पॅकेटची रचना

प्रत्येक नेटवर्क चिपला ४८ बिटांचा, म्हणजे ६ बाइटांचा, एक मॅक पत्ता असतो. मॅजिक पॅकेटमध्ये प्रथम ६ बाइट येतात. त्यांतील सर्व बिटांचे मूल्य १ असते, म्हणजेच दशमान पद्धतीत प्रत्येक बाइटचे मूल्य २५५ असते. त्यानंतर ज्या संगणकाला जागे करायचे आहे त्याचा मॅक पत्ता सलग १६ वेळा येतो. अशा प्रकारे ६ आणि ९६ मिळून १०२ बाइटांचा संदेश तयार होतो. काही चिपांमध्ये याच्या शेवटी ४ किंवा ६ बाइटांचा परवलीचा शब्द जोडण्याची सोय असते.

हा मजकूर नेटवर्क फ्रेममध्ये कोठेही असला तरी चालतो. चिप फ्रेमचा अर्थ लावत नाही, ती केवळ ठरावीक बाइटांची मालिका शोधते. त्यामुळे मॅजिक पॅकेट कोणत्याही प्रोटोकॉलमधून पाठवता येते. प्रत्यक्षात ते बहुधा यूडीपी प्रोटोकॉलच्या ७ किंवा ९ क्रमांकाच्या पोर्टवर पाठवले जाते. पोर्टच्या क्रमांकाला जागृतीच्या दृष्टीने महत्त्व नसते, कारण झोपलेल्या संगणकावर तो क्रमांक वाचणारी ऑपरेटिंग सिस्टीम चालूच नसते. इथरनेटवर थेट पाठवण्यासाठी षोडशमान पद्धतीतील ०८४२ हा फ्रेम-प्रकार वापरला जातो.

जुळणारी मालिका सापडताच चिप मदरबोर्डला जागृतीचा संकेत देते आणि पॉवरचे बटण दाबल्याप्रमाणे संगणक सुरू होतो. संदेश मिळाल्याची पोच मात्र पाठवणाऱ्याकडे जात नाही. संगणक जागा झाला की नाही, हे थोड्या वेळाने त्याच्याशी संपर्क साधूनच कळते.

## प्रक्षेपण आणि राउटर

नेटवर्कवरील एखाद्या आयपी पत्त्यावर संदेश पाठवण्यापूर्वी पाठवणारा संगणक एआरपी प्रोटोकॉलद्वारे त्या पत्त्याचा मॅक पत्ता विचारतो. झोपलेला संगणक सहसा या प्रश्नाचे उत्तर देऊ शकत नाही. पूर्वी मिळालेले उत्तर पाठवणाऱ्याकडे काही काळ साठवलेले असते. ते कालबाह्य झाले की नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला संदेश सर्व्हरपर्यंत पोहोचतच नाही. सर्व्हर झोपल्यावर लगेच केलेली चाचणी यशस्वी होते आणि काही तासांनी तीच कृती अयशस्वी ठरते, असा अनुभव येतो त्यामागे हे कारण असू शकते. यासाठी मॅजिक पॅकेट संपूर्ण स्थानिक नेटवर्कला उद्देशून प्रक्षेपित केले जाते. मजकुरातील मॅक पत्त्यामुळे योग्य तोच संगणक जागा होतो.

प्रक्षेपित संदेश राउटर सहसा ओलांडू देत नाहीत. दुसऱ्या नेटवर्कमधील सर्व संगणकांना उद्देशून पाठवलेले प्रक्षेपण पूर्वी अनेक राउटर पुढे धाडत असत. परंतु या सोयीचा गैरफायदा घेऊन 'स्मर्फ' नावाचे हल्ले होऊ लागल्याने ऑगस्ट १९९९ मध्ये आरएफसी २६४४ द्वारे अशी प्रक्षेपणे मुळातच बंद ठेवण्याचे धोरण स्वीकारले गेले. परिणामी घराबाहेरून इंटरनेटद्वारे थेट मॅजिक पॅकेट पाठवणे बहुधा शक्य होत नाही. अशा वेळी घरातील सतत चालू असलेल्या एखाद्या उपकरणात व्हीपीएनद्वारे प्रवेश करून तेथून संदेश प्रक्षेपित करणे हा अधिक विश्वासार्ह व सुरक्षित मार्ग मानला जातो. राउटर स्वतःच हे काम करू शकतो. ओपनडब्ल्यूआरटी या राउटरसाठीच्या मुक्त प्रणालीत त्यासाठीचे साधन उपलब्ध आहे. कमी वीज वापरणारा रास्पबेरी पाय संगणकही या कामी वापरला जातो.

## घरगुती संचयन सर्व्हरमधील उपयोग

घरगुती सर्व्हरचा प्रत्यक्ष वापर बहुधा दिवसातील काही तासांपुरताच असतो. उरलेल्या वेळात डिस्क, पंखे आणि प्रोसेसर विनाकारण वीज वापरतात. उदाहरणार्थ, सरासरी ३० वॅट वीज घेणारा सर्व्हर वर्षभर अखंड चालू ठेवल्यास सुमारे २६३ युनिट वीज लागते. हाच सर्व्हर रोज ५ तास जागा राहिला आणि उरलेले १९ तास २ वॅट घेत झोपला, तर वार्षिक वापर सुमारे ६९ युनिटांवर येतो. म्हणजे वर्षाला सुमारे १९४ युनिट वाचतात. यांखेरीज आवाज आणि उष्णता कमी होते, हे फायदे लहान घरांत विशेष जाणवतात.

### झोपी घालण्याचे निकष

सर्व्हरला केव्हा झोपवावे हे ठरवणे जागे करण्यापेक्षा अधिक कठीण असते. लॅपटॉपच्या बाबतीत कळफलक व माउस यांना काही काळ स्पर्श झाला नाही, तर तो वापरात नाही असे मानता येते. सर्व्हरला हा निकष लावता येत नाही, कारण त्याला बहुधा कळफलक जोडलेलाच नसतो. म्हणून दर काही मिनिटांनी चालणारी आज्ञावली पुढील बाबी तपासते.

- घरातील संगणक किंवा दूरचित्रवाणी संच सर्व्हरवरील फाइली वापरत आहेत का
- कोणी दूरस्थपणे सर्व्हरमध्ये प्रवेश केलेला आहे का
- नेटवर्कवरील वाहतूक आणि डिस्कवरील वाचन-लेखन ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक आहे का
- बॅकअप, डिस्क-पडताळणी किंवा रेड संचाची पुनर्बांधणी चालू आहे का
- पुढील नियोजित काम अगदी जवळ आले आहे का

यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर होकारार्थी असल्यास प्रतीक्षेचा काळ पुन्हा शून्यापासून मोजला जातो. सलग काही तपासण्यांत सर्व उत्तरे नकारार्थी आल्यावरच सर्व्हर झोपी घातला जातो. एकाच तपासणीवर निर्णय घेतल्यास चित्रपट थोडा वेळ थांबवून ठेवलेल्या प्रेक्षकाचा सर्व्हर मध्येच झोपण्याची शक्यता असते. ओपनमीडियाव्हॉल्ट या मुक्त संचयन प्रणालीसाठी अशा तपासण्या करणारे 'ऑटोशटडाउन' हे पूरक साधन उपलब्ध आहे. लिनक्स प्रणालीवर एखाद्या कामाच्या काळात निद्रेस तात्पुरती मनाई करण्याची सोय सिस्टीमडी या व्यवस्थापकात असते. बॅकअपची आज्ञावली या मनाईसह चालवली, तर काम अपुरे असताना सर्व्हर आपोआप झोपत नाही.

### जागृतीचे मार्ग

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे वापरकर्त्याच्या संगणकाने सुरू होताना आपणहून मॅजिक पॅकेट पाठवणे. यासाठी त्या संगणकावर एक छोटी आज्ञावली ठेवावी लागते. दूरचित्रवाणी संचासारख्या उपकरणांवर अशी आज्ञावली चालवता येत नसल्यास राउटरमार्फत संदेश पाठवण्याची योजना करता येते. एखादे उपकरण नेटवर्कला जोडले जाताच राउटर सर्व्हरला जागे करतो.

दुसरा मार्ग मदरबोर्डवरील घड्याळाचा आहे. हे घड्याळ संगणक बंद असतानाही चालू असते आणि ठरावीक वेळी त्याला जागे करू शकते. लिनक्समध्ये 'आरटीसीवेक' या आज्ञेने ही वेळ ठरवता येते. पहाटे जागे होऊन बॅकअप घेणे व पुन्हा झोपणे यांसारख्या नियोजित कामांसाठी नेटवर्कवरील संदेशाची गरज राहत नाही.

तिसऱ्या मार्गात मॅजिक पॅकेटऐवजी सर्व्हरच्या पत्त्यावर आलेल्या कोणत्याही संदेशाने तो जागा होतो. वापरकर्त्याला काहीच करावे लागत नाही, हा याचा लाभ आहे. मात्र घरातील राउटर, फोन आणि दूरचित्रवाणी संच एकमेकांचा शोध घेण्यासाठी सतत संदेश पाठवत असतात. त्यांपैकी कोणत्याही संदेशाने सर्व्हर जागा होऊ लागल्यास तो जवळजवळ झोपतच नाही.

या अडचणीवरील उपाय म्हणून 'निद्रा-प्रतिनिधी' ही संकल्पना पुढे आली. झोपी जाण्यापूर्वी सर्व्हर आपल्या सेवांची माहिती नेटवर्कवरील जाग्या उपकरणाकडे सोपवतो. ते उपकरण त्याच्या वतीने किरकोळ प्रश्नांची उत्तरे देते आणि खरी मागणी आल्यावरच सर्व्हरला मॅजिक पॅकेट पाठवते. अ‍ॅपलने २००९ मध्ये मॅक ओएस एक्स १०.६ या आवृत्तीत ही सोय आणली. फेब्रुवारी २०१० मध्ये एक्मा इंटरनॅशनल या संस्थेने एक्मा-३९३ हे अशा प्रतिनिधींविषयीचे मानक प्रसिद्ध केले.

## हार्ड डिस्कवरील परिणाम

निद्रेमुळे विजेची बचत होत असली, तरी वारंवार झोपणे-जागणे हार्ड डिस्कच्या यांत्रिक भागांना हितावह नसते. डिस्क थांबून पुन्हा फिरू लागते, तेव्हा तिच्या मोटरवर व वाचनशीर्षांच्या यंत्रणेवर ताण येतो. जुन्या रचनेच्या अनेक डिस्कांसाठी सुरू-बंद होण्याच्या ५०,००० चक्रांची मर्यादा दिलेली असे. नव्या रचनेत वाचनशीर्षे उतारावर नेऊन ठेवली जातात, आणि अशा डिस्कांसाठी ३,००,००० किंवा ६,००,००० चक्रांची मर्यादा आढळते. ही चक्रे वाचनशीर्षे उचलून ठेवण्याची असतात. डिस्क न थांबताही ती मोजली जाऊ शकतात.

सर्व्हर दर तासाला एकदा झोपून जागा झाल्यास वर्षाला ८,७६० चक्रे होतात. दर दहा मिनिटांनी तसे घडल्यास हा आकडा ५२,५६० वर जातो, म्हणजे ५०,००० चक्रांची मर्यादा एका वर्षाच्या आतच ओलांडली जाते. त्यामुळे प्रतीक्षेचा काळ फार कमी ठेवू नये आणि दिवसातून मोजक्याच वेळा झोप-जाग व्हावी, अशी रचना श्रेयस्कर ठरते.

डिस्क फिरू लागताना नेहमीपेक्षा अधिक वीज लागते. ३.५ इंची डिस्क त्या क्षणी १२ व्होल्टच्या तारेतून सुमारे २ अँपिअर, म्हणजे २४ वॅटच्या आसपास वीज घेऊ शकते. चार डिस्क एकदम सुरू झाल्यास हा भार १०० वॅटच्या जवळ पोहोचतो. म्हणून अनेक संचयन यंत्रणांत डिस्क एकामागून एक सुरू केल्या जातात. त्यामुळे जागृतीस काही सेकंद अधिक लागतात.

डिस्कची स्थिती तपासणाऱ्या आज्ञावल्याच कधी कधी तिला झोपेतून उठवतात. 'स्मार्टसीटीएल' या साधनात थांबलेल्या डिस्कची तपासणी टाळण्याचा पर्याय त्यासाठीच दिलेला आहे.

## सुरक्षितता

मॅजिक पॅकेटमध्ये पाठवणाऱ्याची ओळख पटवणारी कोणतीही व्यवस्था नसते. स्थानिक नेटवर्कमध्ये प्रवेश असलेले कोणतेही उपकरण, मॅक पत्ता माहीत असल्यास, सर्व्हर जागा करू शकते. परवलीचा शब्द जोडला तरी तो सांकेतिक रूपात नसून उघडपणे पाठवला जातो. जागे करणे म्हणजे आत प्रवेश मिळणे नव्हे. सर्व्हरवरील खाते व पासवर्ड यांचे संरक्षण कायम असते.

तथापि, झोपलेला सर्व्हर सुरक्षित असतो हा समज चुकीचा आहे. 'रयुक' या खंडणीखोर आज्ञावलीने वेक-ऑन-लॅनचा वापर केल्याचे जानेवारी २०२० मध्ये उघडकीस आले. संसर्ग झालेल्या संगणकाच्या एआरपी नोंदींतून ती इतर संगणकांचे मॅक पत्ते मिळवत असे, त्यांना मॅजिक पॅकेट पाठवून जागे करत असे आणि मग त्यांच्या डिस्कांवरील फाइली कुलूपबंद करण्याचा प्रयत्न करत असे. त्यामुळे बॅकअप साठवणारा सर्व्हर केवळ झोपवून ठेवणे पुरेसे ठरत नाही. महत्त्वाच्या माहितीची एक प्रत नेटवर्कपासून पूर्णपणे तोडलेल्या डिस्कवर ठेवणे आवश्यक मानले जाते.

## मर्यादा व सामान्य अडचणी

वेक-ऑन-लॅन चालण्यासाठी मदरबोर्डची बायॉस प्रणाली, नेटवर्क चिपचा चालक आणि ऑपरेटिंग सिस्टीम या तिन्ही ठिकाणी ते सुरू असावे लागते. लिनक्समध्ये 'ईथटूल' या साधनाने चिपची जागृतीची पद्धत पाहता व बदलता येते. काही संगणकांवर हा बदल पुन्हा सुरू केल्यानंतर टिकत नाही आणि दर वेळी नव्याने करावा लागतो.

बायॉसमधील 'ईआरपी' हा पर्याय युरोपीय संघाच्या वीजबचतीच्या नियमांशी संबंधित आहे. हा पर्याय चालू केल्यास बंद अवस्थेतील राखीव वीज तोडली जाते आणि एस-५ अवस्थेतून नेटवर्कवरून जागृती होत नाही. विंडोज ८ पासून मायक्रोसॉफ्टने आणलेल्या जलद प्रारंभाच्या पद्धतीत 'शट डाउन' केलेला संगणक प्रत्यक्षात एस-४ सारख्या अवस्थेत जातो आणि त्या वेळी नेटवर्क चिप जागृतीसाठी सज्ज ठेवली जात नाही.

वीजपुरवठा खंडित झाल्यास एस-३ अवस्थेतील रॅममधला मजकूर नष्ट होतो. झोपण्यापूर्वी डिस्कवर न लिहिलेली माहिती त्यामुळे गमावली जाऊ शकते. वीज परत आल्यावर अनेक संगणकांतील नेटवर्क चिप, ऑपरेटिंग सिस्टीम एकदा सुरू झाल्याशिवाय, मॅजिक पॅकेट ओळखत नाही. भारनियमन होणाऱ्या भागांत सर्व्हरसाठी यूपीएस वापरणे आणि वीज आल्यावर आपोआप सुरू होण्याचा बायॉसमधील पर्याय निवडणे हे उपाय योजले जातात.

वायफायवरून जागृतीसाठी वेगळे तंत्र असून त्यात झोपेच्या काळातही वायरलेस जोडणी टिकवून ठेवावी लागते. सर्व उपकरणांत ती सोय नसते. म्हणून स्वयंचलित झोप-जागेची योजना असलेला संचयन सर्व्हर सहसा तारेनेच राउटर किंवा स्विचला जोडला जातो.